चार बोटं जागा

"तुमचा चिवडा छान आहे हो, पण त्यात चकलीचे तुकडे फार पडलेत," असा नौपाड्यातून एका बाईंचा फोन आला, तेव्हा मला काय बोलावं सुचेना. आम्ही त्यांना चिवडा पाठवलाच नव्हता. चार किलो चकली पाठवली होती, मुलीच्या रुखवतासाठी.

मी तसं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे रुखवतात आता चकली डावानं मांडायची?"

फराळाचा धंदा हिचा. डोंबिवली पूर्वेला तळमजल्याच्या दोन खोल्या, मदतीला दोन बायका, दिवाळीत डोळा लागत नाही आणि एरवी लग्नं, डोहाळजेवणं, रुखवतं यांच्या ऑर्डरी. मी त्यात कुठंच नव्हतो. मी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत 31 वर्षं काढली आणि निवृत्त झालो. त्यानंतरच्या तीन महिन्यांत मी घरातल्या ज्या ज्या गोष्टीत लक्ष घातलं ती ती बिघडली. तेव्हा हिनं मला घराबाहेरचं खातं दिलं : माल पोचवणं. तोवर माल रिक्षानं जायचा, किंवा आणखी एका मार्गानं जायचा. त्या दुसऱ्या मार्गाची चौकशी मी केली नाही. खातं मिळालं की माणूस चौकशी करत नाही, आधी गाडी घेतो.

मेहुणा म्हणाला, "दाजी, टिटवाळ्याला एक पिकअप उभी आहे. मालक विटा वाहायचा. एकदम दणकट." दणकट म्हटल्यावर मी विरघळलो. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. पुढं जे घडलं त्यात कंपनीचा काडीचा दोष नाही. तो सगळा माझा आहे आणि कुणाबरोबर वाटून घ्यायची इच्छा नाही. कागदावर तिची माल वाहायची ताकद दीड टन. आमची तोवरची सगळ्यात मोठी ऑर्डर 42 किलोची. ही म्हणाली, "दीड टन चकली खाणार कोण?" मी म्हणालो, "धंदा वाढेल तसा माल वाढेल." त्यावर ती काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं मला नेहमीच होकारासारखं ऐकू येतं.

मोठागाव-माणकोली पूल तेव्हा सुरू झाला नव्हता. ठाण्याला जायचं म्हणजे मानपाडा रस्त्यानं शीळ रस्त्याला लागायचं, काटई नाका, शीळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, आणि वाटेत म्हातारपण आलं नाही तर ठाणं. खड्डे कुणाचे यावर मी बोलणार नाही. वरचं डांबर एकाचं, खालची पाइप दुसऱ्याची, मधली केबल तिसऱ्याची, असा तो एकत्र कुटुंबाचा मामला आहे. बाहेरच्यानं त्यात पडू नये. चाक तेवढं पडतं.

पण खड्ड्यांचा विचार मला नंतर सुचला. फोन ठेवल्यावर मी पहिलं वाक्य बोललो ते असं : "मोहन जास्त झालं असेल."

ज्यांनी कधी चकली केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाजणी मळताना तिच्यात कडकडीत तेल घालतात, ते मोहन. जास्त पडलं तर चकली कढईत विरते, उरली तर हातात भुगा होते. कमी पडलं तर दात मागते. मोहनाचा अंदाज चुकला असं फराळवालीला म्हणणं म्हणजे गवयाला तानपुरा लागला नाही असं भर मैफलीत सांगणं. ही उठली. डब्यातली एक चकली घेतली, कमरेच्या उंचीवर धरली आणि फरशीवर सोडली. चकलीचे दोन तुकडे झाले.

"मोजा," ती म्हणाली. "दोन. चुरा तुमच्या गाडीत होतो. नौपाड्याचं मी बघते."

तिनं नौपाड्याचं काय बघितलं ते मी विचारलं नाही. मला त्या रात्री पिठलं मिळालं, दुसऱ्या दिवशी सकाळीही मिळालं, आणि मी गाडीच्या मागं लागलो.

केमिकलवाला माणूस आधी मोजमाप करतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसनं गतिरोधकांसाठी आयआरसी 99 नावाची नियमावली केलेली आहे. ताशी 25 किलोमीटर वेगासाठी तिच्यात सांगितलेला गोलसर उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे म्हैस बसावी तसा ऐसपैस. गाडी त्यावर चढते आणि उतरते, आपटत नाही. आमचा गतिरोधक मी हिच्या शिवणाच्या टेपनं मोजला. रुंदी 48 सेंटिमीटर, उंची 13. त्याला उंचवटा म्हणवत नाही, तो उंबरठा आहे. मी वाकून आकडे लिहून घेत होतो तेव्हा शाळेत निघालेल्या एका पोरानं विचारलं, "काका, रस्त्याला ब्लाउज शिवताय?"

मग प्रयोग. मेहुण्याला चालवायला बसवलं आणि मी मागं हौद्यात, मांडीशी चकलीचा डबा धरून. हौद्यात माणूस बसवणं कायद्यात बसत नाही हे मला ठाऊक आहे. मी माल म्हणून बसलो होतो. घारडा सर्कलपासून काटई नाक्यापर्यंत मी जे सोसलं त्यानंतर चकलीबद्दल माझा आदर वाढला. प्रत्येक खड्ड्याला मागून 'धाड' असा आवाज यायचा, मी वीतभर वर जायचो, आणि मी खाली येईपर्यंत हौदा पुन्हा वर यायला निघालेला असायचा. आमची गाठ मध्येच कुठंतरी पडायची. डब्याच्या आत वाळक्या पानांवरून कुणी चालत गेल्यासारखा आवाज. काटईला उतरलो तेव्हा चष्मा एका कानावर होता आणि मेहुणा खिडकीतून विचारत होता, "दाजी, काही निष्कर्ष?"

निष्कर्ष होता. ते 'धाड' जिथून येतं तिथं रोगाचं मूळ.

संध्याकाळी सोसायटीच्या आवारात जुनी चादर अंथरून, मोबाइलचा दिवा लावून मी गाडीखाली शिरलो. कमानीसारखे वाकलेले पाटे दिसले, दोन चाकांना जोडणारं जाडजूड हाउसिंग दिसलं, आणि त्याच्या बरोबर वर, चासीला उलटं टांगलेलं, वांग्याएवढं काळं रबर दिसलं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. रबरावर मागच्या पावसाळ्यातल्या चिखलाची पापडी वाळून बसली होती, सबंध, कुठंही तडा नाही. रबर आणि हाउसिंग यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा, आणि त्या जागेत एका कोळ्यानं निवांत जाळं विणलं होतं. मी रुमालानं जाळं पुसलं, नखानं पापडी काढली, आणि मला साक्षात्कार झाला. वाचकांनी पापडी आणि जाळं एवढं लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

या रबराला पुस्तकात बंप स्टॉप म्हणतात, शीळफाट्यावर बफर म्हणतात. चाक खड्ड्यात आपटलं की पाटे दबतात आणि हाउसिंग वर येतं. ते पार वर येऊन लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून मध्ये हे रबर. सीएसएमटीला रुळांच्या टोकाशी बफर असतात ना, तसंच. लोकल रोज तिथं जाते, पण बफरला टेकत नाही. टेकली तर दुसऱ्या दिवशी पेपरात येते.

हे सगळं मी तेव्हाच वाचलं होतं आणि समजलोही होतो. फक्त त्याचा माझ्या गाडीशी संबंध लावायचा राहिला.

पुढचे चार दिवस मी रात्री मोबाइलवर अमेरिकेतले आणि ऑस्ट्रेलियातले पिकअपवाले पाहत बसलो. तिकडची ही जुनी हौस. मूळचे आखूड, टणक बफर काढून ते पोकळ रबराचे, लांब आणि मऊ बफर बसवतात. वजन घेतलेली गाडी खाली बसली की असा बफर अलगद टेकतो आणि हळूहळू घट्ट होत जातो, म्हणून शेवटचा धक्का बोथट होतो. मागं शास्त्रही आहे. स्प्रिंगवर दुप्पट वजन टाकलं की ती दुप्पट दबते, हा नियम रॉबर्ट हूकनं 1678 साली छापला. पाटे हा नियम बऱ्यापैकी पाळतात. रबर पाळत नाही. ते सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं असतं : पहिल्या अर्जाला मऊ, दुसऱ्याला ताठ, तिसऱ्याला भिंत.

हे मी हिला सांगायला गेलो. ती भाजणीसाठी हरभऱ्याची डाळ भाजत होती. सगळं ऐकून घेऊन तिनं विचारलं, "हूककडे किती किलो पाठवायची आहे?"

आता माझी चूक कुठं झाली ते मी नेमकं दाखवू शकतो. 'लांब आणि मऊ' यातला मी 'लांब' उचलला.

एक जुना सहकारी नोकरी सोडून एमआयडीसीतच वर्कशॉप चालवतो. पॉलियुरेथेनचे रोलर, ट्रॉलीची चाकं, गॅस्केटं असलं ओततो. त्याच्याकडे जुना बफर नमुन्याला घेऊन गेलो आणि म्हणालो, असाच दे, पण तीन इंच जादा उंच. त्यानं विचारलं, "शोअर किती ठेवू?" रबराचा कडकपणा शोअरच्या मापानं मोजतात. शोअर ए पट्टीवर साधं खोडरबर 40च्या आसपास, गाडीच्या टायरचं रबर 60-70च्या घरात, ट्रॉलीचं चाक 90च्या पुढं. हे मला 31 वर्षं पाठ होतं. मी म्हणालो, "टिकायला पाहिजे."

"दबायला पाहिजे की टिकायला पाहिजे?"

"दोन्ही."

"दोन्ही मिळत नाही," तो म्हणाला.

आता ज्या माणसानं आयुष्य गळक्या पाइपा आणि झिजलेल्या गॅस्केटांपायी रात्रपाळ्या करण्यात घालवलं, तो अशा वेळी काय मागणार? मी 90 सांगितलं. गाडीची चाल मऊ करायला मी ट्रॉलीचं चाक ओतून घेतलं. तो दोनदा "नक्की ना?" म्हणाला आणि मी दोन्ही वेळा त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बफर मात्र देखणे झाले. मधाळ पिवळे, अर्धपारदर्शक, गुळाच्या पाकासारखे. मी ते दोन दिवस टीव्हीच्या शेजारी ठेवले होते. शेजारच्या काकूंना ते शोभेचे वाटले.

शीळफाट्याला रस्त्याकडेला ट्रकवाल्यांची गॅरेजं आहेत. तिथं पाट्यांचं काम करणारे एक चाचा आहेत. तीस-पस्तीस वर्षं पाट्यांखाली आडवं पडून काढली आहेत आणि मराठी तुमच्या-माझ्यासारखीच बोलतात. त्यांनी नवा बफर हातात घेतला, अंगठ्यानं दाबला. अंगठा दबला. मग ते गाडीखाली शिरले, बफर जागेवर धरला आणि त्याच्या नि हाउसिंगच्या मध्ये डाव्या हाताची बोटं आडवी घालून पाहिली. एक बोट गेलं. दुसरं अडकलं.

"शेठ, चार बोटं जागा पाहिजे. कमीत कमी. इथं एकच राहतंय."

मी त्यांना समजावलं. हाउसिंग लवकर टेकेल, म्हणजे धक्का लवकर झेलला जाईल. पाटे एकट्यानं झेलायचे, आता दोघं मिळून झेलतील. मग हूकचा नियम सांगितला, मग रबर तो का पाळत नाही ते सांगितलं. चाचा उकिडवे बसून शांतपणे ऐकत होते.

"हे हूकसाहेब कुठली गाडी चालवायचे?"

"त्यांच्या काळी गाड्या नव्हत्या."

"मग बरोबर आहे," म्हणाले, आणि पाना उचलला.

घरी येताना गाडी टणाटण उडत होती. मी मेहुण्याला म्हणालो, "बघ, कशी ताठ चालते आता." तो म्हणाला, "हो दाजी, माझी पाठपण."

दोन दिवसांवर गुढीपाडवा होता. डोंबिवलीतली पाडव्याची स्वागतयात्रा 1999 साली गणेश मंदिर संस्थानानं सुरू केली आणि पुढं ती प्रथा गावोगावी गेली. आमच्या सोसायटीनं त्या वर्षी चित्ररथ करायचं ठरवलं होतं : चांगदेव वाघावर बसून येतात आणि ज्ञानदेव भावंडांसह भिंत चालवत सामोरे जातात. सोसायटीत पिकअप एकच, त्यामुळं भिंत होण्याचा मान आमच्या गाडीला मिळाला. थर्माकोलच्या भिंतीवर विटा रंगवून ती हौद्यावर उभी केली. विटावाल्याच्या गाडीवर पुन्हा विटा, हा योग मला शुभ वाटला. भिंतीमागं बाक, बाकावर सोसायटीतली चार मुलं ओढण्यांनी पक्की बांधलेली, आणि समोर वाघाच्या ठिपक्यांचं कापड पांघरलेली स्कूटर. खरं तर वाघाला पट्टे असतात. कापड तेवढंच मिळालं.

मंदिरापासून फडके रोडला येईपर्यंत सगळं छान झालं. ढोल, नऊवाऱ्या, फेटे. वळणावर पेव्हर ब्लॉकची एक ओळ दोन बोटं वर आली होती. खरं तर ती दोन बोटं पाट्यांनी गिळायची. पण आमच्या पाट्यांना आता गिळायला एकच बोट जागा होती; पुढं थेट ट्रॉलीचं चाक. मागचं चाक त्या ओळीवर चढलं आणि चालती भिंत उडाली.

सोपानाची टोपी गेली. निवृत्तिनाथ, सातवी ब, "आई गं" म्हणाले. भिंतीच्या वरच्या दोन ओळी सुटून चांगदेवांच्या पाठीवर पडल्या आणि त्यांनी वाघाचा ब्रेक दाबला. एकट्या मुक्ताबाईला, वय वर्षं सात, मजा आली. ती टाळ्या पिटत ओरडली, "परत! परत!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "माउलींनी भिंत चालवली, यांनी नाचवली." माझे तिथले फोटो अजून सोसायटीच्या ग्रुपवर दर पाडव्याला येतात. मी त्यात दोन्ही हातांनी भिंत धरून गाडीमागं पळताना दिसतो.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी म्हणालो, थर्माकोल हलकं असतं, उडणारच. आणि तिसऱ्या दिवशी सहा किलो चकली घेऊन ठाण्याला निघालो. मुंब्रा बायपासच्या उतारावर दोन-तीन वेळा मला स्वतःचे दात मोजावेसे वाटले. ठाण्यात हॉलच्या मागच्या दाराशी डब्याचं झाकण काढलं. आत भाजणी होती. तिखट, हळद, तीळ सगळं घातलेली, तळलेली, पण भाजणीच. थोडं मोहन घालून मळली असती तर पुन्हा चकल्या पडल्या असत्या.

तिथून सरळ शीळफाटा. चाचांनी मला पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि काही न विचारता चादर अंथरली. हे मात्र कबूल करायला हवं : "सांगितलं होतं ना" हे वाक्य त्यांनी एकदाही म्हटलं नाही. ते मला घरी मिळायचंच होतं.

नवे बफर निघाले. जुने मी पिशवीत आणले होते. चाचांनी ते उजेडात धरले आणि मला टोकाकडे बोट दाखवलं. साच्याची उमटलेली बारीक रेघ तिथं अजून तशीच होती.

"याला कधी मार लागलाच नाही, शेठ. काढताना वर चिखल होता?"

"होता."

"फुटलेला की सबंध?"

"सबंध," मी म्हणालो. कोळ्याचं जाळं मी त्यांना सांगितलं नाही. माणसाला काही अब्रू असते. तुम्हाला सांगितलं, त्यांना नाही.

म्हणजे हाउसिंग त्या रबरापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. जो बफर वर्षभर रिकामा बसून होता त्याच्यावर मी धाड-धाड आपटण्याचा आळ घेतला होता. मग ते 'धाड' कुणाचं? चाचांनी मागचा फाळका धरून हलवला. धाड. त्याची कडी झिजून सैल झाली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून कडीत गुंडाळला, आवाज बंद.

मग त्यांनी पाटे मोजले, आणि मलाही मोजायला लावले. सगळ्यांना गंज, पण खालच्या दोघांचा वेगळा, ताजा. विटावाल्यानं जादा वजन उचलायला दोन पाटे वाढवले होते. दीड टनाची गाडी त्यानं त्याहून मोठी करून ठेवली होती आणि मी तिच्यात चार किलो चकली घालत होतो. पाट्यांची ताकद ठरते ती पोटात पूर्ण माल आहे असं धरून. माल नसला की पाटे दबतच नाहीत. मग रस्त्यावरचा खडादेखील पाट्यांतून थेट हौद्यात पोचतो. रिकामी पिकअप उडते ती यामुळं. बफर त्याला काय करणार?

शेवटी टायर. मागची हवा 70 होती. "रिकाम्या गाडीला किती पाहिजे ते दारावर लिहिलेलं असतं," चाचा म्हणाले. मी म्हणालो, माझ्या गाडीच्या दारावर असं काही नाही. त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं. चौकटीवर, जिथं कंपनीनं हवेचे आकडे छापलेला कागद चिकटवलेला असतो बरोबर तिथं, गाडी घेतल्या दिवशी मी गणपतीचं स्टिकर लावलं होतं. चाचांनी ते नखानं, हलक्या हातानं सोडवलं आणि काचेवर लावून दिलं. खाली भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा आणि रिकाम्या गाडीचा वेगळा, दोन्ही स्वच्छ छापलेले होते. रिकाम्याचा 40च्याही खाली होता.

दोन जादा पाटे काढले, बुशांना ग्रीस दिलं, हवा कमी केली, जुने बफर जिथले तिथं लावले. हाउसिंगवर बोटं आडवी धरून पाहिली. चारच्या वर जागा होती. निघताना चाचा म्हणाले, "आणि पोटात दोन-तीनशे किलो काहीतरी ठेवा." तेव्हापासून कल्याणच्या बाजार समितीतून तांदूळ आणि डाळ आणली की ही ती लगेच उतरवून घेत नाही. कट्टे आधी चकलीबरोबर ठाण्याला जाऊन येतात. तांदळाच्या एका कट्ट्यानं मागच्या मोसमात ठाण्याच्या 14 वाऱ्या केल्या. मग त्याची भाजणी झाली.

चकली आता बरी पोचते. डब्यामागं दोन-तीन तुटतात, त्या वाटेत मेहुणा खातो.

एवढं झाल्यावर एका रात्री मी हिला विचारलं, "त्या नौपाड्याच्या बाईंना रुखवताची चकली शेवटी पोचवलीस कशी?"

"लोकलनं," ती म्हणाली. "दुपारची बाराच्या सुमाराची. लेडीज डब्यात गर्दी नसते. डबा मांडीवर घेतला, अर्ध्या तासात ठाणं."

"एकही तुटली नाही?"

"रुखवताचा माल मी नेहमी तसाच नेते. त्या एका वेळी तुम्ही हौसेनं गाडीत घातलात."

ठाणं-कल्याण रेल्वे 1854 साली सुरू झाली. या मार्गाची चौकशी मी केली नव्हती, हे वर सांगितलंच आहे.

राहता राहिले ते दोन मधाळ बफर. एक हिनं पाट्याखाली घालून पाहिला, म्हणजे वरवंट्याच्या पाट्याखाली. चटणी वाटताना पाटा डुगडुगतो म्हणून काढून टाकला. दोन्ही आता गॅलरीत आहेत. शोअर 90, तीन इंच जादा उंच, जेमतेम आठवडाभर वापरलेले. कुणाला हवे असतील त्यांनी डोंबिवली पूर्वेला येऊन घेऊन जावेत. पैसे नकोत. फक्त गाडीखालचं जाळं आधी बघून या.